अननसाच्या रसानंतरचा सोमवार

मित्रांनो, सुरतेच्या लिंबायत भागात एका स्वयंपाकघरातल्या फळीवर मी बसलेलो असतो. मी एक जुना मिक्सर आहे. माझं एक बटण चिकटतं, झाकणाला चीर गेली आहे.

कारखान्यात माझी मोटार बसवली, तपासली आणि मला खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते वर्षाच्या लग्नात, अमळनेरला. तिच्या वडिलांनी मला आंदण दिलं होतं. तिच्या सासूबाई, प्रमिलाबाई, आधी नाक मुरडत. पण मी खोबऱ्याचा काळा मसाला बारीक करून दिला आणि त्या शेजारणींना सांगत सुटल्या, "पाटावरवंटा बी असा करत नही!" तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

वर्षाचा नवरा योगेंद्र सुरतेजवळ हजीऱ्याच्या कारखान्यात सात वर्षं कंत्राटावर होता, म्हणून आम्ही सगळे इथे आलो. गेल्या वर्षी तो कायम झाला. त्या आनंदात एका रविवारी दुपारी त्याचा दोस्त धर्मेंद्र रमची बाटली घेऊन आला. गुजरातेत दारूबंदी, म्हणून ती पिशवीत गुंडाळलेली.

दोघांनी मोबाइलवर एक कॉकटेल पाहिलं होतं. अननस, संत्रं, लिंबू, डाळिंबाचं सरबत, बर्फ आणि रम. सगळं माझ्या भांड्यात पडलं.

"बाटलीचं सील आधीच सैल होतं," वर्षा म्हणाली.

"दमणचा माल आहे वहिनी, एकदम असली!" धर्मेंद्र हसला.

मी फिरलो. मित्रांनो, मला फक्त अननस कळला. फळांच्या आंबटगोड चवीखाली काय दडलं होतं, ते त्या दोघांनाही कळलं नाही. योगेंद्रने एक ग्लास घेतला, धर्मेंद्रने तीन.

सोमवारी सकाळी योगेंद्र ओकत उठला. डोळे चोळत म्हणाला, "वर्षा, लाईट गयी का वं? सगळं धुकं दिसतंय."

ट्यूबलाइट चालू होती. खिडकीत ऊन होतं.

वर्षा घाबरली. "माय, दवाखान्यात नेऊ. काल काय प्यायले ते डॉक्टरला सांगू."

प्रमिलाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दारूनं नाव सांगं तर पोलीस येतीन! पोऱ्यानी नोकरी जाई. लिंबूपाणी दे, उतरी जाई."

मग त्यांनी माझं भांडं राखेने तीनदा घासलं.

दुपारी धर्मेंद्रच्या बायकोचा, कमलचा, फोन आला. धर्मेंद्र वारला होता. वर्षाने सासूला बाजूला सारलं, रिक्षा बोलावली आणि दवाखान्यात सगळं खरं सांगितलं. योगेंद्र वाचला. डोळे नाही वाचले. विषारी दारू होती. सकाळीच आणलं असतं तर नजर कदाचित राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले.

नोकरीही गेली. वर्षा आता घरी साड्यांना टिकल्या लावते. माझ्यावर धूळ आहे. प्रमिलाबाई मला हात लावत नाहीत.

परवा योगेंद्रने शांतपणे विचारलं, "माय, सकाळीच का नही लई गयी?"

प्रमिलाबाई भाकरी तव्यावर जळेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पण घरातलं कुणी असं काही पिऊन आजारी पडलं, तर लाजू नका, भिऊ नका. दवाखाना गाठा आणि पहिल्याच प्रश्नाला खरं उत्तर द्या. मला ते सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.