घर तेच, उत्तर कोणाचं?

हेमंत कर्णिक कोलकात्यात खिदिरपूर बंदरावर कस्टममध्ये होते आणि जगातला कुठलाही प्रश्न आपल्याला चुटकीसरशी सुटतो, असा त्यांचा ठाम समज होता. त्यामुळे लेकीचा, ऋताचा, मानसशास्त्राचा प्रबंध अडला तेव्हा कोणी बोलावलेलं नसताना ते त्यात पडले.

विषय तसा घरचाच होता. बदलीमुळे कोलकात्यात येऊन पडलेल्या मराठी माणसांना गावाची ओढ किती, शून्य ते दहात सांगा. आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीनंतर ती कमी होते का? गणपतीआधी ऋताने दुपारी घरोघरी फोन करून विचारलं. गणपतीनंतर ती तापाने झोपली, म्हणून दुसरी फेरी बाबांनी उरकली. संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, चहा पीत.

आता कोणती चाचणी लावायची, यावर ऋता डोकं धरून बसली होती.

"अगं, दोन वेगळे गट असते तर गोष्ट वेगळी. इथे त्याच माणसांना दोनदा विचारलंय. पेअर्ड टी-टेस्ट लाव," हेमंतराव म्हणाले. व्हिडिओ पाहून आले होते, पण ऐट अशी, जणू चाचणी त्यांनीच शोधली.

चाचणी लावली. ओढ धाडकन खाली आलेली. हेमंतरावांनी हे श्रेय अर्धं बाप्पाला दिलं, अर्धं स्वतःला.

कॉलेजातल्या सेनगुप्ता मॅडम मात्र खूश झाल्या नाहीत. इतकं गोड उत्तर त्यांना पचत नसे. माणसं खरंच तीच होती का, हे बघून ये म्हणाल्या. प्रबंध सोमवारी द्यायचा होता, नाहीतर वर्ष गेलंच.

"बाबा, शरदकाकांकडे फोनवर कोण बोललं?"

"शरदच."

"मी सुरुचीकाकूंना विचारलं होतं. आणि चंद्रकांतकाकांकडे?"

"चंद्रकांत. अगं, घर तेच ना?"

ऋताने कपाळावर हात मारला. पहिल्यांदा बोलल्या त्या बायका, दुसऱ्यांदा त्यांचे नवरे. ओढ कमी झाली की नवऱ्यांना ती नव्हतीच, हे आता कुठलीही चाचणी सांगू शकणार नव्हती.

"आणि आपल्या घरचं?"

"ते मीच सांगितलं. दोन. आपण इथे मजेत आहोत."

"आईने नऊ सांगितले होते."

बेहालाच्या या फ्लॅटमध्ये येऊन सहा वर्षं झाली होती, आणि हा आकडा हेमंतरावांच्या कानावर कधी आला नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी मुकाट्याने फोन उचलला आणि एकेका घरी 'जरा वहिनींना द्या' म्हणत पुन्हा सगळ्यांना विचारलं. शेवटी ते स्वयंपाकघरात गेले.

"निर्मला, गावाची ओढ किती? शून्य ते दहात सांग."

निर्मलाताईंनी गॅस बारीक केला. "पाच."

"नऊवरून पाच! म्हणजे गणपतीचा गुण आला."

"गणपतीचा कसला? तुम्ही विचारलंत ना, म्हणून."

बाहेरून ऋता ओरडली, "बाबा, मग हा आकडा मला चालणार नाही. आपलं घर वगळावं लागेल."

"वगळ," हेमंतराव म्हणाले, आणि तिथेच ओट्यापाशी स्टूल ओढून बसले. "हं, काय काय आठवतं ते सांग बघू."