ओली खोली, कोरडी खोली

शाळेच्या पटांगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आदिलाबादकडच्या भीमपूर मंडलातलं, म्हणजे छोट्या तालुक्यातलं, हे एवढंसं गाव. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या माझ्याच डोक्यावर नारळ फिरवतील. माणसं पैनगंगेच्या पलीकडूनही आली होती. पेरण्या तोंडावर असताना कामधंदा टाकून सगळे एकाच गोष्टीकडे टक लावून बसले होते, ती म्हणजे अमृतरावांच्या तळहातावरचा नारळ.

अमृतराव म्हणजे पाणाडे. तळहातावर आडवा नारळ ठेवून वावरभर फिरायचं, जिथे नारळ उभा राहील तिथे बोअर पाडायचं, असा त्यांचा धंदा. आता मात्र त्यांची विद्या जमिनीतून वर सरकली होती. जमिनीतलं पाणी सापडतं, तर पोरांच्या डोक्यातलं का सापडू नये?

"गणित म्हंजे काय?" डोळे अर्धे मिटून अमृतराव म्हणाले. "गणित म्हंजे पानी. कोनाच्या डोक्यात झरा असते, कोनाच्या डोक्यात खडक. खडकावर पानी वतून वतून मास्तर मरून जाईन, पन उगवन का काही? आन मी पाहत नाई बाप्पा, नारळ पाहते. माह्या डोळ्याले पट्टी बांधा, तरी नारळ पाहीन."

लोकांनी माना डोलावल्या. मान डोलवायला अक्कल लागत नाही, हे एक बरं आहे.

भागीरथा सगळ्यांत पुढे बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या वावरात अमृतरावांनीच पाणी दाखवलं होतं, आणि ती गोष्ट तिची अर्ध्या मंडलाला सांगून झाली होती. तिचं वावर नाल्याच्या काठाला आहे, तिथे कुठेही भोक पाडलं तरी पाणी लागेल, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या केशवरावांचं बोअर कोरडं गेलं तेव्हा अमृतराव म्हणाले होते, "तुमच्या घरातच दोष हाय." लागलं की नारळाची करामत, नाही लागलं की तुमचं नशीब. असा धंदा बुडेल कसा?

एकेक पोर पुढे येत होतं. "नाव सांग. बापाचं नाव सांग." पोर सांगायचं आणि नारळ निकाल द्यायचा. शाळा समितीचे अध्यक्ष पांडुरंगराव यांच्या घरी अमृतरावांचा आदल्या दिवसापासून मुक्काम होता. त्यांचा नातू सुरज छाती काढून पुढे आला, आजोबांसकट सगळ्यांची नावं सांगून मोकळा झाला. नारळ टुणकन उभा राहिला. पटांगणातून "वा, वा" उठली.

मग भागीरथाची मयूरी आली. पाय चिखलाने भरलेले, एवढी माणसं बघून आवाज बसलेला. बापाचं नाव पंढरी, पण ते तिच्या ओठांतच राहिलं. अमृतरावांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ही आपल्या भक्तिणीची पोर आहे हे बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. नारळ हललासुद्धा नाही.

"खडक," अमृतराव म्हणाले.

भागीरथा बोलायला अर्धी उठली. पण नारळ खोटा म्हणावा तर आपलं बोअरही खोटं म्हणावं लागेल. ती पुन्हा खाली बसली.

दुसऱ्याच दिवशी तिसरी ते पाचवीची पोरं गणितासाठी दोन खोल्यांत बसू लागली. गावाने खोल्यांचं बारसंही केलं, ओली खोली आणि कोरडी खोली. सगळ्या शाळेला मास्तर एकच, सुधाकरराव सार. एवढी पोरं, त्यात कोणी भागाकारावर तर कोणी वजाबाकीवर अडलेलं, आणि नारळाने अर्धं ओझं आयतंच उतरवलं. सार ओल्या खोलीत फळ्यापुढे उभे राहिले. कोरड्या खोलीतली पोरं दार लावून एक ते शंभर गिरवत बसली, आणि ते संपलं की पुन्हा एक ते शंभर. मधून आवाज वाढला की सार भिंतीवर छडी आपटायचे. कोरड्यांचा अभ्यास म्हणजे एवढाच.

एप्रिलात परीक्षा झाली. ओली खोली सगळी पास, कोरडी सगळी नापास. मग काय विचारता! नारळाची कीर्ती थेट आदिलाबादच्या कापूस बाजारात पोचली. दसऱ्यानंतर अमृतरावांना पुन्हा बोलवायचं ठरलं, आणि आजूबाजूच्या गावांतूनही पोरं येणार होती.

जूनमध्ये शाळेत बदलीवर एक बाई आल्या, मैत्रीबाई. सारांनी त्यांना अर्थातच कोरडी खोली दिली.

दसरा झाला, कापूस फुटला. भागीरथा वेचणीला निघाली तशी मयूरीला म्हणाली, "शाळेत बसून काय करून राह्यली तू? चाल वावरात. आजपासून पाटीबिटी बंद."

मयूरी रडली नाही. पदरासारखी ओढणी कमरेला खोचत म्हणाली, "चाल. मले तसंही नाई येत, आई. माह्या डोक्यात खडक हाय."

आज ऊन आहे म्हणावं तसं म्हणाली. ते ऐकून भागीरथाच्या काळजाला जे लागलं, ते नारळाच्या दिवशीही लागलं नव्हतं.

पोरगी शाळेत दिसली नाही म्हणून संध्याकाळी मैत्रीबाई दारात हजर. भागीरथाने त्यांना बसा म्हटलं नाही.

"पोरीला काढू नका, भागीरथाताई. तिला येतं."

"येत असतं त नापास काऊन झाली असती?"

"मागचं वर्षभर तिला शिकवलं कोणी, सांगा बरं?"

"खडकाले शिकवून काय फायदा? कालच्या आलेल्या तुमी, आमच्या पोट्टीचं डोकं आमाले सांगता?"

"मी नाही सांगत. पण खडक आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नारळानं," भागीरथा म्हणाली. आपल्याच तोंडून ते ऐकून ती जराशी ओशाळली, आणि ओशाळली म्हणून जास्तच चिडली.

"बरं," बाई म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. नारळाच्या दिवशी पोरीला घेऊन या, काय होतं ते डोळ्यांनी बघा, आणि मग काढायची तर काढा."

तो दिवस आला. पटांगण पुन्हा तुडुंब, आणि त्यात मयूरीला घेऊन भागीरथाही. अमृतरावांची गाडी पुन्हा त्याच चाकोरीत: गणित म्हंजे पानी, झरा आन खडक, आणि शेवटी नेहमीचं, "मी पाहत नाई, नारळ पाहते. डोळ्याले पट्टी बांधा."

"बांधूया," मैत्रीबाई उभ्या राहून म्हणाल्या.

पांडुरंगराव तडकले. "तुमाले काही देवधर्म हाय का नाई, बाई? तुमच्या लोकायचं हे नेहमीचंच."

"देवाचं नाव मी घेतलंच नाही. महाराज स्वतःच पट्टी बांधा म्हणाले. नारळ बघतो तर डोळ्यांचं काय काम?"

गर्दीतून कोणी म्हणालं, "बांधा, बांधा, अजून मजा येईन." आता मागे कसं सरायचं? नारळाचा मान वाढणार म्हणून पांडुरंगरावांनी स्वतःच्याच खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि अमृतरावांच्या डोळ्यांवर करकचून बांधला. बाईंनी एकच अट घातली. कोणी बोलायचं नाही, नाव सांगायचं नाही. त्या बोटाने दाखवतील ते पोर पुढे येईल.

पहिलं बोट मयूरीकडे गेलं. अमृतराव जरा चाचपडले, घसा खाकरला, समोरून काहीच आवाज येईना तसा अंदाजाने हात पुढे केला. नारळ उभा राहिला.

"झरा," ते म्हणाले. "मोठा झरा हाय."

मग सुरज आला. नारळ आडवाच. "खडक." पांडुरंगरावांच्या घशातून विचित्र आवाज निघाला, पण बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. पुन्हा मयूरीला बोलावलं. "खडक." मध्ये दुसरी दोन पोरं झाली, आणि तिसऱ्यांदा मयूरीच. "झरा, पन बारीक हाय."

आता पोरांना हसू आवरेना. बायकांनी पदर तोंडात धरले. अमृतरावांनी पट्टी ओढून काढली, समोर चिखलाच्या पायांची तीच पोरगी, आणि त्यांना कळेना हे लोक का हसताहेत.

"डोळे बांधले की नारळ रागावते," ते म्हणाले. "बाईचा संशय मधात आला."

"मघाशी म्हणत होते, पट्टी बांधली तरी पाहीन," मागून केशवराव बोलले. कोरड्या बोअरचं दुःख बरेच दिवस मनात होतं.

मैत्रीबाईंनी नारळ मागून घेतला. तळहात सपाट धरला, नारळ आडवा ठेवला. मग अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूने तळहात किंचित आवळून त्याची खोलगट वाटी केली. नारळाचं बूड त्या वाटीत बसलं आणि शेंडी वर आली. तसाच हात दगडावर धरून त्यांनी तो उभा करून दाखवला, शाळेच्या पायरीवर दाखवला, चपलांच्या ढिगावरही दाखवला. "चपलांनासुद्धा गणित येतं वाटतं," त्या म्हणाल्या. मग नारळ मयूरीला दिला. एकदा पडला, दुसऱ्यांदाही पडला, मग उभा राहिला.

"हात हलतो तो एवढाच," बाई म्हणाल्या. "कधी मुद्दाम, कधी माणसालाही न कळता. डोळे उघडे असले की पोर धीट आहे का, कपडे कसे आहेत, बाप कोण, हे दिसतं. तेच नारळ सांगतो."

पांडुरंगराव मात्र सहजी ऐकणारे नव्हते. "नारळ जाऊ द्या. परीक्षा त खोटी नाई ना? ओली खोली पास, कोरडी नापास. ते कसं झालं?"

बाईंनी सुधाकररावांकडे पाहिलं. सारांनी चष्मा काढून पुसला.

"कोरड्या खोलीत मी गेलोच नाही," ते म्हणाले. "वर्षभर."

हा खरा चमत्कार. आधी पोरांना खडक म्हणायचं, मग पाणी घालायचं नाही, आणि उगवलं नाही की म्हणायचं, बघा, खडकच होता. त्यासाठी नारळसुद्धा लागत नाही.

भागीरथा उठली. ती अमृतरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, मघाशी माही पोट्टी दोनदा हुशार, एकदा ढ. मंग तिले कापूस वेचाले कोनत्या दिवशी धाडू, तेवढं सांगून जा."

अमृतरावांनी चपलांच्या ढिगातून आपली जोडी ओढली आणि वाट धरली. नारळ तिथेच राहिला.

आता दोन्ही खोल्यांतली पोरं गणिताला एकत्र बसतात. जादू झाली, असं मी म्हणणार नाही. काही पोरं अजून अडखळतात. बाई त्यांना थोडा वेळ वेगळं घेऊन बसतात, अडलेलं सुटलं की परत सगळ्यांत आणून बसवतात. सुरजला भागाकार फडाफडा येतो, पण हातचा का घ्यायचा हे मयूरीने विचारलं तेव्हा त्याला सांगता येईना. मग दोघांनी मिळून ज्वारीचे दाणे मांडून ते शोधून काढलं. सार शेजारी उभे राहून बघत होते.

वर्ष सरत आलं तसा आदिलाबादहून एक टाय लावलेला गृहस्थ शाळेत आला. त्याच्याकडे यंत्र होतं. पोरांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, यंत्र सांगणार कोणाच्या मेंदूत गणित आहे. "बहुत साइंटिफिक है," तो म्हणाला. पांडुरंगरावांच्या डोळ्यांत पुन्हा चमक आली.

पोरीला घ्यायला आलेली भागीरथा दारातच उभी होती.

"याले पट्टी कुठं बांधाची?" तिने विचारलं. मग आपलीच वाट काढली. "साहेब, माह्या पोट्टीचा ठसा घ्या. नाव नाई सांगाचं. मंग दुसऱ्यायचे घेता घेता पुन्हा तिचाच घ्या, आन पुन्हा एकदा. कोनता कोनाचा हे यंत्राले नाई सांगाचं. तिनई डाव एकच निघालं, त पुढचं बोलू. तेई वर्गात शिकवल्यावर काय होते, ते पाहूनच."

त्याने यंत्र पेटीत भरलं. मंडलात बाकी शाळा आहेत म्हणाला.

आहेतच. तिथेही पोरांची डोकी मोजणारे येतील, नारळ घेऊन, यंत्र घेऊन, कधी नुसताच छडी आपटणारा हात घेऊन. त्यांना हात जोडण्याआधी दोनच गोष्टी करा. त्यांचे डोळे बांधा, आणि कोरड्या खोलीचं दार उघडून आत शिकवायला कोण आहे ते बघा.