खाचेचा कल

मातीचा लेप नखाएवढाच निघाला होता. त्याखालची साल तपकिरी, आणि सालीखालचं लाकूड काळं पडलेलं. धाकटीनं गुडघे टेकले आणि गुग्गुळाच्या त्या वाळक्या झुडपाची उरलेली माती अंगठ्यानं खरवडायला घेतली.

“मेलेल्याची नाडी काय बघतेस?” दादा मागून म्हणाला. “अण्णा येतायत. आज तू बोल. नाहीतर मी बोलतो, आणि माझं बोलणं तुला माहीत आहे.”

“बोलते. जरा दम धर.”

“दोन वर्षं दमच धरलाय.”

खरंच होतं ते. गुग्गुळाला खाच पाडायची ती फक्त सालीत. सालीतून डिंक पाझरतो. पातं लाकडात उतरलं तर डिंक आधी भरभरून येतो आणि पुढच्या हंगामाआधीच झुडूप उभ्या उभ्या वाळतं. बांधाच्या अलीकडची निम्मी झुडपं अशीच गेली होती. खाचा अण्णा आणि धाकटी दोघंच पाडायची. अण्णांच्या हाताला कंप सुटला होता. बशीत चहा सांडला की घरातले सगळे दुसरीकडे बघायचे. झुडूप वाळलं की अण्णाच म्हणायचे, “माझाच हात जड पडला असणार,” आणि माती कालवून खाचेवर लेप द्यायचे.

बांधापलीकडची झुडपं लहानाची मोठी करण्यात सगळ्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ती यंदा पहिल्यांदा खाचांना तयार झाली होती. अण्णांकडून चाकू काढून घ्यायचा, हे धाकटीनं केव्हाच ठरवलं होतं. पण ज्या वडिलांनी हात धरून शिकवलं त्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

फडक्यात गुंडाळलेला चाकू घेऊन अण्णा आले.

“काय गं डावरे, धन पुरलंय का तिथे?”

ती हसली नाही. लेप सगळा निघाला होता. आतली खाच तिरकी होती, डावीकडे चढत गेलेली. तिनं शेजारच्या वाळक्या झुडपाची माती काढली. तीही खाच डावीकडेच चढलेली, लाकडापर्यंत खोल. त्यापलीकडचं झुडूप हिरवंगार होतं. त्याच्यावरची खाच नागमोडी, पण उथळ, भरून आलेली. ती उजवीकडे चढत होती. खाच नेहमी चाकू धरलेल्या हाताकडे चढते.

डिंक काढावा तर धाकटीनं, असं दादा दर हंगामात म्हणायचा. तिची टोपली नेहमी आधी भरायची.

“राहू दे ना ती माती,” अण्णा हळूच म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

अण्णा चाकूवरचं फडकं नीट करत राहिले. ते नीटच होतं.

“काय ठाऊक होतं?” दादा पुढे आला. “उगाच फाटे फोडू नकोस. बोलतेस, की मी बोलू?”

धाकटी उठली. डावा तळहात तिनं मांडीला पुसला, मग पुन्हा एकदा पुसला.

“अण्णा, यंदापासून मी चाकू धरणार नाही,” ती म्हणाली. “पलीकडच्या खाचा तुम्हीच पाडा.”