बाहीवरच्या लेबलासह अकरा लग्ने

सकाळ आमच्या घरात पत्र्याच्या भोकांतून येते. पूर्वी जिथे खिळे होते तिथे आता बारीक छिद्रे आहेत आणि प्रत्येक छिद्रातून उजेडाची एकेक सळई आत उतरते. आधी ती फिकट, जवळजवळ राखाडी असते. चहाच्या वाफेत किंचित हलते. मग पिवळी होत होत समोरच्या भिंतीवर टेकते. तिथून ती घाई न करता खाली सरकते. फोटोच्या काचेवरून कॅलेंडरवर, कॅलेंडरवरून खुंटीवर आणि खुंटीवरून माझ्या डाव्या खांद्यावर. तिथे ती क्षणभर थांबते. तेवढ्यात माझ्यावरची धूळ दिसते हे खरे. पण माझा निळा रंगही पुन्हा नव्यासारखा दिसतो.

मित्रांनो, तो उजेड खांद्यावर आहे तोवरच मी माझी गोष्ट सांगून घेतो. मी एक जुना कोट आहे. गडद निळा, छातीवर दोन पदर एकमेकांवर येणारा डबल ब्रेस्ट, सहा बटणांचा. कवठे येमाईच्या महेंद्रच्या घरी मी राहतो.

माझा जन्म शिरूरचा, १९९५ च्या उन्हाळ्यातला. महेंद्रच्या लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडची माणसे मिळून लग्नाचे कापड घ्यायला आली होती. ताग्यांच्या ढिगातून माझे कापड महेंद्रच्या आईने, जाईबाईने, बोटांत चुरगाळून निवडले. "ह्येच फाडा," ती दुकानदाराला म्हणाली, "माझी दोन्ही पोरं ह्येच्यातच उभी ऱ्हात्याल." धाकटा संघर्ष तेव्हा शाळेत होता.

अकबर मास्तरांनी मला शिवले. त्या काळी रुंद खांद्यांची फॅशन होती, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यांत जाड पॅड भरले. पहिल्यांदा गरम इस्त्री फिरली तेव्हा माझ्या अंगातून वाफ निघाली आणि मला वाटले, मी श्वास घेतो आहे! आरशात महेंद्र उभा राहिला. मी त्याच्या अंगावर होतो. दोघांनाही आपण कोण आहोत ते ओळखू येईना.

"आता ऐक," मास्तर म्हणाले. "डबल ब्रेस्ट कवा उघडा घालायचा न्हाई. उभा हायस तवर बंद, बसलास की बटण सोड. शर्टाचा कफ बाहीतून अर्धं बोट दिसला पायजे. आन् खिशात सुपाऱ्या कोंबू नगं, झोळी न्हाई ती."

मग त्यांनी माझ्या डाव्या बाहीवरचे लेबल उसवायला कात्री उचलली. कापडासोबत आलेले ते सोनेरी अक्षरांचे लेबल महेंद्रनेच हट्टाने तिथे शिवून घेतले होते. त्याने हात झटकन मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. चांगलं कापड हाय, लोकांना कळू द्या."

"अरं, ट्रायल झाली की ते काढायचं असतंय."

"आन् मग मिरवायचं काय?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

लग्नात नवरी पांढऱ्या साडीत होती आणि मी निळा. बुद्धवंदना सुरू झाली, हात जोडले गेले आणि लेबल नेमके कॅमेऱ्यासमोर आले. काय दिवस होता तो! महिना झाला नाही तोच चुलतभावाने मला नेले. मग शेजारच्या हरिबाच्या थोरल्याने, मग धाकट्याने. एका किडकिडीत नवरदेवाने मला भरून काढण्यासाठी भर मे महिन्यात आत स्वेटर घातला. एकाने माझ्याखाली पांढरे स्पोर्ट शूज घातले आणि चार चुण्यांची बॅगी पँट छातीपर्यंत ओढली. अकरा नवरदेव झाले. अकराही जणांनी फोटोत डावा हात पुढे ठेवला. मांडवात मी शिरलो की पोरे ओरडत, "आला, कोट आला!" माझी खात्रीच पटली की फॅशन म्हणजे मी.

पुढे शिक्रापूरकडे कंपन्या आल्या. वस्तीतली मुले कामाला लागली आणि पगाराच्या रविवारी नवे कपडे घालून येऊ लागली. गुडघ्यावर खिसे असलेल्या पँटी, कमरेखाली घसरणारी जीन्स, पोटाशी चिकटलेले टी-शर्ट. खुंटीवरून मी हसत असे. येतील, जातील, असे मला वाटे.

२००५ साली संघर्षचे लग्न ठरले. तोही कंपनीत होता. नवरी केडगावची दीक्षा, शिवणाचा क्लास केलेली. पुन्हा बस्ता, पुन्हा शिरूर. जाईबाईने मला पिशवीत घालून सोबत नेले. इतक्या दिवसांनी मास्तरांचा आरसा दिसणार म्हणून मी पिशवीतच ताठ झालो होतो.

संघर्षने मला अंगावर चढवले आणि आरशाकडे पाहून मान खाली घातली.

"दादा, खांदे बघ. अंगात हॅंगर ऱ्हायल्यासारखं दिसतंय."

"अकरा जणांना चाललंय," महेंद्र म्हणाला. "तूच मोठा साहेब लागून गेला व्हय?"

"आता तीन बटणाचा चालतो रं. कंपनीतली पोरं येणार हायेत, हसत्याल मला."

"मास्तर, ह्याचाच तीन बटणाचा करा," महेंद्रने फर्मावले.

मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "करतो. पण फुडचं कापड एकदा कापलं की पुन्हा जोडता यायचं न्हाई. धड जुना बी न्हाई आन् नवा बी न्हाई, असं व्हईल. बोला."

त्यांच्या हातात खडू होता. त्याचे पांढरे टोक माझ्या छातीवर टेकले. महेंद्र आईकडे पाहत होता, संघर्ष जमिनीकडे. तेवढ्यात कोपऱ्यातून हसू फुटले. दीक्षा पदर तोंडाशी धरून हसत होती.

"मास्तर, ह्ये लेबल कुणी ठेवलं? आमच्या क्लासच्या बाई म्हणायच्या, लेबलासकट कोट घालणं म्हंजी किंमतीची चिठ्ठी कपाळाला लावून हिंडणं."

"धा वर्सं झाली पोरी," मास्तर म्हणाले. "का काढू दिलं न्हाई ते ह्या महेंद्रालाच इचार."

महेंद्र कानापर्यंत लाल झाला. अकरा लग्नांचे अकरा अल्बम त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. मग सगळ्यात आधी तोच हसला. पण जाईबाई हसली नाही. तिने मला संघर्षच्या अंगातून काढून घेतले आणि शांतपणे घडी घातली.

"कापू नगा मास्तर," ती म्हणाली. "त्याला नवा शिवा. तवा वस्तीत योकच कोट व्हता, म्हणून समद्यांनी घातला. आता पोरगं कमावतंय. घालू दे त्याच्या मापाचा."

म्हातारी काहीही बोलते, असे मी मनाशी म्हणालो.

त्या लग्नाला महेंद्रने मला घातले. दहा वर्षांत त्याचे पोट सुटले होते आणि मी उघडा घालायचा कोट नव्हे. म्हणून आदल्या आठवड्यात केडगावला माझी बटणे दीक्षाने दोन बोटे सरकवली आणि लेबल उसवून काढले. बाहीवर एक गडद चौकोन उरला. तेवढेच माझे मूळ रंगाचे अंग. मांडवात शिरताच माझी छाती भरून आली. जिकडे पाहावे तिकडे कोट! काळे, तपकिरी, राखाडी, तीन बटणांचे, दोन बटणांचे. हरिबाच्या दोन्ही मुलांचेही आपापले. मी एकोणीस मोजले. हे सगळे मला पाहूनच शिवले, असे मी स्वतःला सांगितले आणि पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिलो.

मित्रांनो, तुम्ही नवी फॅशन जरूर करा. मात्र आधी खांदा बसतो का ते पाहा आणि लेबल काढा. कोट खिळ्याला अडकवू नका, रुंद हॅंगर द्या. वर्षातून एकदा सावलीत वारा लागू द्या. अंगाला होईनासा झाला, तर ज्याच्या मापाचा असेल त्याला द्या.

उजेड आता माझ्या खांद्यावरून खाली सरकला आहे. बाहीवरच्या त्या गडद चौकोनावर तो आला आहे आणि तिथे काहीच लिहिलेले नाही. त्या अकरा जणांपैकी कुणीही मला निवडले नव्हते. वस्तीत तेव्हा दुसरा कोट नव्हता.