सोसायटीच्या मशीनला टेप जोडला तेव्हा

मी एक जुना अँप्लिफायर आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं फिरलेलं आहे. मुरूम गावाच्या बाजूला एका खेड्यातल्या दूध सोसायटीत, रिकाम्या कॅनांशेजारी मी असतो. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत आणि कर्णा समोरच्या लिंबावर बांधलेला. सोलापूरच्या एका कारागिराने मला जोडलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या पोरांना सुकडी वाटायची वेळ झाली की हाक माझ्यातूनच जायची. पुढे सोसायटी आली, सभा आल्या. चेअरमन माइक तोंडात घालून ओरडायचे, तेही मी सोसलं. मशीन असावं तर असं, असं लोक म्हणायचे.

मग टेपरेकॉर्डर आला आणि माझे हाल सुरू झाले. त्या गड्याचा आवाज मांडवाबाहेर जात नाही, म्हणून त्याची वायर माझ्या माइकच्या भोकात खुपसायची. आता त्या भोकात अगदी बारीक आवाज यावा, एवढीच माझी अपेक्षा. टेपमधून येतो तो आधीच मोठा केलेला. तो मी आणखी मोठा केला की फाटणारच. पण आमच्या भागात हळदीचं गाणं पाहुण्यांच्या गावापर्यंत गेलं नाही तर नाक कापलं जातं. म्हणून टेपचंही बटण शेवटपर्यंत पिळायचं आणि माझंही. वर आवाज फाटला की थापट माझ्या टाळक्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

शहाऐंशी सालचं सांगतो. पाऊस नव्हता, तरी मालनबाईच्या शिवकांताचं लग्न निघालं. मालनबाईच्या गाण्याशिवाय आमच्या गावात कुणाला हळद लागत नसे. पण आदल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पोटच्या पोरीच्या हळदीलाच आई मुकी. तिचा भाऊ बब्रुवान याने ऑपरेशनच्या आधी भाचीच्या हळदीसाठी तिची गाणी कॅसेटमध्ये भरून ठेवली होती. ती त्या दिवशी माझ्यातून लागणार होती. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

सोसायटीचा महांतप्पा मला सांभाळायचा; त्यानेच मला कर्ण्यासकट मांडवात आणून ठेवलं. त्याने वायर खुपसली, दोन्ही बटणं पिळली आणि लाह्या फुटाव्यात तसा खरखराट बाहेर पडला. मांडवातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"महांतप्पा, आवाज फाटायलाय की," बब्रुवान म्हणाला.

"मशीन म्हातारं झालंय. थांबा, अजून वाढवून बघतो."

"वाढवा, वाढवा. अक्काचं गाणं पाहुण्याच्या गावात गेलं पाहिजे."

वाढवा म्हणे! मला तोंड आहे, पण स्वतःचं बोलायची सोय नाही. नाहीतर दोघांचे कान उपटले असते.

शेवटी मालनबाईच उठली. हात हळदीने भरलेले, डोळ्यांत पाणी. तिला ते बंद करायचं होतं. टेपचा खटका कुठला हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने त्याचं आवाजाचं बटण धरून उलटं फिरवायला सुरुवात केली. खरखर कमी झाली. तिने आणखी फिरवलं आणि मधेच हात थांबवला. आता माझ्यातून ती गात होती, स्वच्छ आणि भरदार, आपल्या शिवूचं नाव घालून.

महांतप्पाचा हात सवयीने पुन्हा बटणाकडे गेला.

"राहू द्या की आता," बब्रुवान म्हणाला. "लई नीट यायलंय."

हसणाऱ्या बाया एकेक करून मागे म्हणू लागल्या. मालनबाई टेपजवळून हलली नाही. आपल्याच गाण्याबरोबर तिचे ओठ हलत होते आणि शिवकांता पाटावरून एकटक त्या ओठांकडे बघत होती.

मित्रांनो, मोठं करण्याचं काम माझं आहे, ते मला करू द्या. टेप जोडाल तेव्हा आधी त्याचं बटण खाली आणा. आणि थापट मारण्याआधी आत कुणाचा आवाज आहे, तेवढं विचारा. मालनबाईचा आता त्या एका कॅसेटमध्येच उरला आहे.