धाकट्या सुनेची जीभ

तारापूरच्या ताडबागेत ताडीची पारख करणारी पहिली बाई पारूबाई. पारूबाईने ती विद्या दिली आपल्या थोरल्या सुनेला, जिवलीबाईला. जिवलीबाईने दिली आपल्या थोरल्या सुनेला, नवसीबाईला. आणि नवसीबाईने दिली रत्नाबाईला. त्या घराचा दंडकच तसा होता. पुरुषांनी ताडावर चढून मडकी उतरवावीत, आणि कोणते मडके दुकानात जाईल, कोणते घरी राहील, कोणते मातीत ओतायचे, हे खाली पाटावर बसलेल्या बाईने एका घोटात सांगावे. विद्या एका वेळी एकाच जिभेवर राहायची, आणि ती जीभ थोरल्या सुनेची. धाकटीने भाकऱ्या थापाव्यात.

रत्नाबाईची जीभ तर चिंचणीपासून वाणगावापर्यंत गाजलेली. डोळे मिटून ती म्हणायची, "खाडीकडचा तिसरा ताड. मडकं काल नीट विसळलं नाय." उतरवणारा गडी मुकाट्याने मान खाली घालायचा.

चौऱ्याण्णव साली होळी सरली, आणि धाकटी जाऊ भागी एक जाडजूड पाकीट घेऊन रत्नाबाईच्या ओट्यावर आली. भागीचा मुलगा कमलाकांत आधी बोईसरला रंगाच्या कारखान्यात होता. आता तसल्याच कारखान्यात, पण मेक्सिको देशात.

"जाऊबाय, वाचा ना. माझे डोळे गेले."

"डोळे गेले, पण मुलाला परदेशी जाताना बघून मगच गेले ना? बस."

रत्नाबाईने पत्र वाचले. कमलाकांतने लिहिले होते, की त्याच्या गावापासून जवळच समुद्रालगत द्राक्षमळ्यांचे एक खोरे आहे, आणि मळ्यामळ्यावर वाइन होते. श्रावणात तिथे द्राक्षे उतरतात, तेव्हा मोठा सोहळा असतो. 'आई, तू ये. पासपोर्टचा अर्ज भर, मग तिकीट पाठवतो. तीन दिवस आपण मळोमळी हिंडून चव घेऊ. दहा मळ्यांची नावे आणि नकाशा सोबत आहे. त्यातले सहा निवड, कुठे कधी जायचे ते तूच ठरव. यादीतला शेवटचा मळा मात्र धरच, त्याच्या म्हाताऱ्या मालकाला मी सांगून बसलोय, की आमच्या घरच्या बायका चार पिढ्या चव पारखतात. तो तुझ्यापुढे चार पेले ठेवणार आहे.'

रत्नाबाईने ती ओळ पुन्हा वाचली. चार पिढ्या! त्या चार पिढ्यांत भागी कुठे होती? चुलीपुढे. आणि पेले कोणापुढे ठेवणार? भागीपुढे! रत्नाबाईचा स्वतःचा मुलगा देवू अणुकेंद्राच्या कँटीनमध्ये भात वाढत होता. आईला त्याने कधी डहाणूची जत्रासुद्धा दाखवली नव्हती.

"मला काय कळतंय त्यातलं?" भागी म्हणाली. "तुमीच ठरवा."

"मीच ठरवायचं आणि तू हिंडायचं. बरंय."

तरीही ती बसली. जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले, पेन्सिल घेतली. हेवा असला तरी कामात कुचराई तिच्या रक्तात नव्हती. नकाशावर समुद्र कुठे, डोंगर कुठे, ते बोटाने चाचपून तिने मळ्यांचा क्रम लावला. समुद्राकडचे आधी, कारण खारा वारा लागलेला रस हलका. डोंगराकडचे शेवटी. आणि वेळ घातली पहाटे पाचची.

"पाच?" भागी दचकली.

"मग? ऊन चढलं की आंबली. दुपारची काय चव घेणार, व्हिनेगारची?"

रोज पहाटे दोन मळे, आठच्या आत काम संपले पाहिजे, असे तिने बजावून लिहिले. वाइन पिंपात वर्षानुवर्षे निजते, हे ताडाखाली जन्म काढलेल्या बाईला कोण सांगणार?

इथवर सगळे प्रामाणिक होते. पान घडी करताना मात्र तिच्या मनातला विंचू हलला.

"चव घेण्याआधी," ती सावकाश म्हणाली, "एक सुका बोंबील भाजून खायचा. त्यानं जीभ जागी होते. आणि घोट तोंडात ठेवायचा नाय, थेट गिळायचा."

ज्या बाईने जन्मात पारखीच्या दिवशी मिठाचा खडासुद्धा तोंडात घातला नव्हता, तिने हे सांगितले. भागीने मान डोलावली. पान टपालात पडले.

दुसऱ्या दिवसापासून भागी रोज पहाटे सरावाला येऊ लागली. बोंबील भाजून, खाऊन, पदराला हात पुसत बसायची. रत्नाबाई दोन पेले पुढे ठेवायची.

"कुठला कुठला?"

"हा... खाडीकडचा?"

"दोन्ही एकाच ताडाचे गं, भागे!"

गडी हसायचे. भागीही हसायची, पण दिवसागणिक तिचे हसू उतरत गेले. रत्नाबाईच्या छातीत मात्र गोड गारवा पसरायचा. तिला स्वतःचीच लाज वाटे, आणि तरी गारवा पसरायचाच.

चैत्राच्या अखेरीस कमलाकांतचे उत्तर आले. ते पान ऐकून म्हातारा मालक आधी पोट धरून हसला. मग गंभीर झाला. म्हणाला, वाइनला पहाट लागत नाही, पण पहाटे उठून चव घेणारी बाई मी पाहिलेली नाही. तिच्यासाठी मी पाच वाजता तळघर उघडेन.

पत्र ऐकून भागीने ते घडी करून पाकिटात घातले. मग म्हणाली, "जाऊबाय, मी नाय जात. माझी जीभ मेलेली हाय. तिथे पोराची लाज जायची. तुमी जा."

"काय म्हणालीस?"

"पासपोर्ट तुमच्या नावानं काढू. मी कमलाकांतला लिहून घेते कोणाकडून तरी. तो मोठ्या आईला नाय म्हणायचा नाय. खरी पारखी तुमीच."

झाले! जे हवे होते, ते ओटीत येऊन पडले. समुद्रापारचे खोरे, तळघर, चार पेले, आणि पुढे बसलेली ती स्वतः. रत्नाबाई 'बरं' म्हणणार, तोच तिला देवूचे बाळपण आठवले.

देवूच्या जन्मानंतर तिला विषमज्वर झाला होता. दूध आटले. तेव्हा भागीचा कमलाकांत दोन महिन्यांचा. भागीने एका अंगाला देवू घेतला, दुसऱ्या अंगाला कमलाकांत. अकरा महिने. देवू गुटगुटीत झाला, कमलाकांत किडकिडीत राहिला. त्यानंतर एकतीस वर्षांत भागीने ते एकदाही बोलून दाखवले नव्हते. तिच्या मुलाचे दूध घेतले, आता मुलाचे बोलावणेही घ्यायचे? रत्नाबाई हेवेखोर होती, पण भिकारी नव्हती.

"भागे," ती कडक आवाजात म्हणाली, "बोंबील मी तुला मुद्दाम सांगितला. जीभ मारायला."

भागीने तिच्याकडे पाहिले. "मला वाटलंच होतं. बोंबलानं कुणाची जीभ जागी होते?"

"मग रोज खात का होतीस?"

"तुमी सांगितलं म्हणून. आन् बोंबील बरा होता."

रत्नाबाईला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. तिने दोन्ही परतवले. "उद्यापासून उपाशीपोटी यायचं. मीठ नाय, मिरची नाय, तंबाखू तर नायच. जाणार तूच."

"पण धाकटीला शिकवायची रीत नाय ना?"

"रीत मी मोडते. थोरली मी हाय."

सारा वैशाख ती शिकवत राहिली. साध्या पाण्याने खळखळून चूळ. घोट जिभेखाली, सात मोजेपर्यंत. आधी गोड शोध, मग आंबट, मग मडक्याची माती. भागी चुकली की रत्नाबाई खेकसायची, उत्तर बरोबर आले की तिच्या काळजात बारीक कळ उठायची, कारण प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर तिचे एकटीचे सिंहासन थोडे सरकत होते. कळ उठली, तरी एकही खूण तिने राखून ठेवली नाही.

पाऊस येण्याआधी शेवटची ताडी उतरली, त्या पहाटे सगळे गडी ताडाखाली जमले. रत्नाबाईने चार पेले मांडले. भागीने डोळे मिटले.

"पहिला नरताड, विहिरीजवळचा. दुसरा खाडीकडचा. तिसरा..." ती थांबली. "तिसऱ्यात दोन ताडांची मिसळलीय."

गडी रत्नाबाईकडे पाहू लागले. तिने मुद्दाम मिसळली होती. अशी मिसळ ओळखणे नवसीबाईने तिला अगदी शेवटी शिकवले होते.

"आन् चौथा?"

"चौथा आपल्या दारातला. मडकं नवं हाय, अजून मातीच बोलतेय."

रत्नाबाईचा हेवा त्या क्षणीही जळत होता. तो विझेल असे तिला वाटतही नव्हते. ती उठली, आणि सगळ्या गड्यांदेखत तिने आपला पारखीचा पाट उचलून भागीपुढे ठेवला.

"देवूला अकरा महिने पाजलंस. माझ्याकडे द्यायला एवढंच होतं, ते सगळं दिलं. फिटलं का सांग."

भागी पाटावर बसली. "फिटलं, जाऊबाय. पुरतं फिटलं."