सकाळच्या विमानाने गेलेला

चालढकल करण्यात टेलरमास्तरांचा हात कुणी धरला नसता. गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ म्हणता म्हणता त्यांनी उभा जन्म काढला. लेकीच्या लग्नालाही ‘उद्या निघतो’ म्हणत ते घरीच बसून राहिले, आणि बापलेकीत सहा वर्षं अबोला पडला. शेवटी गेल्या आठवड्यात लेकीनेच दुकानावर फोन केला. ‘रविवारी सकाळच्या विमानाने या. नाही आलात तर पुन्हा बोलावणार नाही.’

आणि या गृहस्थाने काय करावं? रविवारी बॅग घेऊन दारापर्यंत गेले, पण तिला कोणत्या तोंडाने भेटायचं या विचाराने उंबऱ्यातूनच मागे फिरले. तिकीट दुपारचं करून घेतलं. लेकीला कळवायचाही धीर झाला नाही. त्या गडबडीत मोबाइल घरीच राहिला.

दुपारी विमानतळावर पोचले. समोर जेलाटोचा, म्हणजे इटालियन आइस्क्रीमचा, काउंटर दिसला. लहानपणी लेक लिंबाच्या जेलाटोसाठी जीव टाकायची.

‘काका, परत आलात?’ काउंटरवरची बाई म्हणाली. ‘बरं झालं. सकाळी टेप विसरलात की इथे.’

तिने मापाची टेप पुढे केली. पिवळी, चौदाच्या आकड्यावर शाईचा डाग. मास्तरांचा हात गळ्याकडे गेला. त्यांची टेप गळ्यातच होती. पिवळी, चौदावर डाग.

‘मी सकाळी नव्हतो आलो हो.’

‘असं काय करता? लिंबाचा जेलाटो खाल्लात, डोळे पुसलेत. म्हणालात, आज काही झालं तरी जायचंच.’

मास्तरांनी ती टेपही खिशात घातली आणि एक लिंबाचा जेलाटो मागितला. कप हातात घेऊन ते शेजारच्या चॉकलेटच्या दुकानात गेले. लेकीला संत्र्याच्या सालीचं चॉकलेट आवडायचं.

‘संपलं, काका,’ दुकानदार म्हणाला. ‘शेवटचा डबा सकाळी तुम्हीच नेलात ना लेकीसाठी?’

मास्तरांनी त्याचाच फोन मागून घेतला. लेकीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, लावला मात्र कधीच नव्हता.

‘हॅलो, कोण?’

‘मी... बाबा बोलतोय.’

‘चेष्टा करताय का? बाबा माझ्यासमोर बसलेत, चॉकलेटचा डबा उघडताहेत.’

मागून कुणीतरी विचारलं, ‘कोण आहे गं, चिमणे?’

आवाज मास्तरांचाच होता, फक्त त्यात भीती नव्हती. चिमणी ही हाक त्यांच्या तोंडून सहा वर्षांत निघाली नव्हती.

अगं, तो खोटा आहे, असं ते ओरडणारच होते. तेवढ्यात लेक तिकडे वळून म्हणाली, ‘बाबा, कुणीतरी अगदी तुमच्या आवाजात बोलतंय!’ आणि खळखळून हसली. तिचं ते हसणं मास्तर विसरून गेले होते.

‘राँग नंबर,’ मास्तर म्हणाले.

त्यांनी फोन परत दिला. दुपारच्या विमानाची शेवटची सूचना झाली. वितळलेला जेलाटो बोटांवरून ओघळत होता.

‘काका, जायचं नाही का?’ दुकानदाराने विचारलं.

‘उद्या जाईन,’ ते सवयीने म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.